जाताना बोगदा, येताना घाट
खरं दिसण्याची प्राथमिक पुस्तिका (सातारा-सांगली आवृत्ती)

वापरण्यापूर्वी ही पुस्तिका शेवटपर्यंत वाचावी. लहान मुलांपासून दूर ठेवण्याची गरज नाही; यातलं सगळं त्यांना आधीच येतं.

पुस्तिका कुणासाठी?

सांगली, मिरज, तासगाव, विटा, कराड, कोरेगाव, दहिवडी, म्हसवड या भागातून शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडलेल्या, बाहेर बऱ्यापैकी जम बसलेल्या आणि तरीही आईचा फोन आला की उठून जिन्यात जाणाऱ्या सर्वांसाठी. पात्रता तपासण्यासाठी पुढच्या तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

गाव कुठलं विचारल्यावर तुम्ही ‘सांगलीच्या जवळ’ एवढंच सांगून थांबता का? गावाकडचा पाहुणा ऑफिसात आला, तर त्याला जागेवर न नेता परस्पर खालच्या टपरीवर चहाला नेता का? कुणी सुवासिक कॉफी पुढं केली की ‘चहा मिळंल का’ हे वाक्य गिळून ‘वा, मस्त’ म्हणता का?

दोनदा ‘हो’ आलं असेल तर पुढं वाचा. तिन्हींना ‘नाही’ आलं असेल, तर एक तर तुम्हाला या पुस्तिकेची गरज नाही किंवा तुमचा सराव इतका झालाय की ही पुस्तिका पुरायची नाही.

लागणारं साहित्य

एक आई (फोनवर चालेल). सांगलीच्या भडंगाचा एक पुडा. चार माणसं, ती ओळखीची असली तर काम अवघड, म्हणून शक्यतो ओळखीचीच घ्यावीत.

आपला वेष कुठं चढतो ते पाहा

सांगलीहून पुण्याला निघालेल्या एसटीत हा प्रयोग करता येतो. पेठ नाक्यापर्यंत तुम्ही ‘व्हय’ म्हणता. कराडच्या स्टँडवर ‘हां’ सुरू होतं. साताऱ्यात कंदी पेढे घेता घेता ‘हो’ येतं. खंबाटकीच्या बोगद्यात गाडी शिरते, मोबाइलची रेंज जाते, आणि पलीकडं उजेडात तुम्ही बाहेर पडता ते ‘अ‍ॅक्च्युअली’ म्हणत. शिरवळपर्यंत ‘न’ आणि ‘ण’ आपापल्या जागी जाऊन बसलेले असतात. स्वारगेटला उतरणारा माणूस सांगलीला चढलेल्या माणसाला ओळख दाखवत नाही.

यातलं कुणी तुम्हाला करायला लावत नाही, ही या यंत्राची खुबी. कंडक्टरनं तिकीट मागितलेलं असतं, उच्चार नव्हे.

माझं स्वतःचं मॉडेल थोडं जास्त गुंतागुंतीचं होतं. आमच्याकडं सांगली-कोल्हापूरच्या बाजूला बायकासुद्धा ‘मी येतो’, ‘मी करतो’, ‘मी जेवलो’ असं बोलतात. आजी तसं बोलायची, आई बोलते, गल्लीतल्या सगळ्या बोलतात. त्यात कुणाला पुरुषी वगैरे काही वाटत नाही, कारण त्यात तसलं काही नसतंच. मी मात्र पुण्यात पहिल्या आठवड्यातच ‘जेवले’, ‘आले’, ‘करते’ पाठ केलं. अकरा वर्षं ते एकदाही चुकलं नाही.

बाराव्या वर्षी एका मीटिंगमध्ये चुकलं. प्रोजेक्टर सुरू व्हायचा होता, आठ-दहा जण बसले होते. आईचा फोन आला. जिन्यापर्यंत जायला वेळ नव्हता, म्हणून तोंडावर हात धरून मी हळूच बोलले, “व्हय, जेवलो. आता मीटिंगमधी हाय. मागनं करतो.”

फोन ठेवला तर खोली शांत. मग पलीकडच्या खुर्चीवरून प्रश्न आला, “जेवलो? कोण जेवलं?” आणि हशा. मीही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मग म्हटलं, “अगं, आईची नक्कल करत होते.”

हसणं माफ आहे. पण शेवटचं वाक्य नीट पाहा. माझी भाषा मी आईच्या गळ्यात टाकली, वर तिची नक्कल केल्याचं सांगून टाळ्या घेतल्या. नवशिक्यांनी हे ध्यानात ठेवावं: स्वतःला लपवायला गेलं की आड उभं करायला दुसरं कुणीतरी लागतं, आणि ते बहुतेक घरातलंच असतं.

पायरी पहिली : सोंग आणि वेष यांतला फरक समजून घ्या

सोंगाचा तिटकारा करू नका. आपल्या भागाला तो शोभत नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीता स्वयंवर’ रंगवलं, तेव्हापासून आपण सांगलीला नाट्यपंढरी म्हणवून घेतो. तोंडाला रंग लावण्यात आपण महाराष्ट्राचे वडीलधारे आहोत.

पुढं नागठाण्याच्या नारायण श्रीपाद राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, स्त्रीभूमिका अशा केल्या की घरंदाज बायका त्यांचं पाहून साडी नेसायला शिकल्या. आता हिशेब मांडा. सांगली जिल्ह्यातल्या पुरुषानं रंगमंचावर ‘मी जाते’ म्हटलं तर महाराष्ट्रानं वन्स मोअर दिला. त्याच जिल्ह्यातल्या बाईनं मीटिंगमध्ये ‘मी जेवलो’ म्हटलं तर पोट धरून हसले. व्याकरण दोन्हीकडं सारखंच उलटं. फरक इतकाच की तिकडं तिकीट काढलं होतं.

सोंग घेणाऱ्याला ठाऊक असतं की पडदा पडल्यावर रंग पुसायचाय. वेष घेणारा पडदाच पडू देत नाही. रात्री झोपेत बडबडताना तुम्ही कुठल्या भाषेत बडबडता ते घरच्यांना विचारा. तिथं मेकअपमन पोचलेला नसतो.

पायरी दुसरी : जिल्ह्याकडून धडा घ्या

आपल्याला दुसऱ्याच्या नावानं जगावं लागतंय असं वाटून उदास होऊ नका. अख्खा जिल्हा असा जगलाय. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्याचं मुख्य ठिकाण सांगली. म्हणजे कचेऱ्या सांगलीत, पेठ सांगलीची, हळद सांगलीची, गणपती सांगलीचा आणि कागदावरचा जिल्हा ‘दक्षिण सातारा’. पत्त्यात कायम शेजाऱ्याचं आडनाव.

१९६० साली त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. त्यासाठी कृष्णेचं पात्र हलवावं लागलं नाही, हळदीचा रंगही बदलला नाही. जे होतं त्याला त्याच्या नावानं हाक मारली, इतकंच. सातारा काही कमी झाला नाही.

गृहपाठ : उद्या कुणी गाव विचारलं तर ‘सांगलीच्या जवळ’ न म्हणता गावाचं नाव घ्या. समोरच्याला ते माहीत नसेल. नसू दे. त्याच्या गल्लीचं नाव तरी तुम्हाला कुठं माहीत होतं?

पायरी तिसरी : जे येत नाही ते आधी सांगा

ही पायरी अवघड आहे, म्हणून तज्ज्ञांकडून शिकावी. तज्ज्ञ म्हसवडला राहतात.

माण तालुका दुष्काळी. तिथं रस्त्याकडेला वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका बाईला थोडे पैसे साठवायचे होते, पावसाळ्यात डोक्यावर कागद घालण्यापुरते. एवढ्याशा रकमेचं खातं बँका उघडेनात. तेव्हा चेतना सिन्हांनी आणि गावातल्या बायकांनी ठरवलं की आपलीच बँक काढू. अर्ज रिझर्व्ह बँकेकडं गेला आणि परत आला: संस्थापक बायका निरक्षर आहेत, अंगठे उठवलेत, परवाना देता येत नाही.

इथं तुम्ही-मी काय केलं असतं? ‘आम्ही शिकलेल्याच आहोत, त्या दिवशी पेन सापडलं नाही’ असं काहीतरी. या बायका रात्री अक्षरं गिरवायला बसल्या, आणि काही महिन्यांनी थेट मुंबईला साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: आम्हाला लिहायला-वाचायला येत नाही, कारण आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळा नव्हती. पण हिशेब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, तुमच्या माणसांनाही सांगा, त्यांनी कॅलक्युलेटर घ्यायचा नाही. बघू कोण आधी सांगतंय.

१९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘येत नाही’, मग ‘येतं’. आपण नेमका उलटा धरतो: येणाऱ्या दहा गोष्टी पुढं मांडतो आणि न येणाऱ्या एकीवर सतरंजी टाकून तिच्यावर बसून राहतो. मग उठता येत नाही. ज्यांनी सतरंजी स्वतःच उचलली, त्यांना पुढच्या वाक्यासाठी दोन्ही हात मोकळे मिळाले.

पायरी चौथी : नाव कुणी ठेवलं ते विचारा

दोन उदाहरणं शेजारी ठेवते.

साताऱ्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी एक समारंभ झाला. सातारा जिल्ह्यातल्या २८५ मुलींनी त्या दिवशी नवी नावं घेतली. जुनं नाव बहुतेकींचं एकच होतं, ‘नकुसा’ किंवा ‘नकोशी’. मुलगी नको होती तरी झाली, निदान पुढचा मुलगा व्हावा, म्हणून ठेवलेलं. शाळेत हजेरी घेताना रोज सकाळी गुरुजींनी ‘नको’ म्हणायचं आणि तिनं ‘हजर’ म्हणायचं. जगातल्या धैर्याची मोजदाद करायची असेल, तर त्या ‘हजर’पासून सुरुवात करावी.

दुसरं उदाहरण सांगलीचं. गोकुळनगरातल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांमध्ये ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून काम करू लागली. पुढं १९९६ साली त्या बायकांनी स्वतःची संघटना उभी केली आणि तिचं नाव ठेवलं ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. जो शब्द लोक त्यांच्या पाठीवर फेकत होते, तो त्यांनी उचलून स्वतःच्या पाटीवर रंगवला. पाटीवर आलेल्या शब्दाची शिवी करणं मग अवघड जातं.

साताऱ्याच्या मुलींनी नाव टाकलं, सांगलीच्या बायकांनी नाव उचललं. दोघींचंही बरोबर. म्हणून नवशिक्यांनी ‘जुनं ते खरं’ किंवा ‘नवं ते खरं’ असलं सूत्र पाठ करू नये. आपल्याविषयी काय उघडं ठेवायचं आणि काय नाही ते ठरवलं कुणी, एवढंच तपासावं.

जोडसूचना, ऐकणाऱ्यांसाठी : कागदावर नाव एका दिवसात बदलतं. हाक बदलायला सगळं गाव लागतं. कुणी धीर करून नवं नाव सांगितलं तर ‘पण आमच्या तोंडात जुनंच बसलंय’ म्हणू नये. तोंड आपलं आहे, नाव तिचं आहे.

पायरी पाचवी : एकट्यानं करू नका

वरची उदाहरणं पुन्हा पाहा. मुंबईला एकटी बाई गेली नव्हती. समारंभात एकच नकुसा उभी नव्हती. परिषद एकटीची नसतेच. ‘चारचौघांत कसं दिसेल’ या भीतीवर आपल्याकडं जुनं औषध आहे: आणखी चारचौघी गोळा करणं.

माझ्या बाबतीत हे औषध लिफ्टमध्ये सापडलं. नकलेच्या त्या प्रकरणानंतर महिन्याभरानं मी ऑफिसात भडंगाचा पुडा नेला. कांदा चिरून नेला, शेंगदाणे होतेच. ‘हे काय, भेळ का?’ म्हणून विचारणा झाली. एरवी मी ‘हो, तसंच काहीसं’ म्हटलं असतं. त्या दिवशी म्हटलं, “भेळ नाही, भडंग. आणि परवाची नक्कलबिक्कल नव्हती. मी तशीच बोलते घरी. जेवलो, आलो, करतो.” कुणीतरी “ओह, क्यूट” म्हणालं. पुडा संपला. आभाळ वगैरे काही कोसळलं नाही. फार काही उजळलंही नाही.

संध्याकाळी लिफ्टमध्ये हिशेब विभागातला एक सहकारी होता. सहा वर्षांत आमचं बोलणं ‘गुड मॉर्निंग’च्या पुढं गेलेलं नव्हतं. तिसरा मजला गेल्यावर तो दाराकडं बघत म्हणाला, “दहिवडीचा हाय मी.”

मी म्हटलं, “आणि त्या दिवशी हसलात ते?”

“लई जोरात हसलो की ओ,” तो म्हणाला. “भ्या वाटलं.”

तळमजला आला. आम्ही पुन्हा शुद्ध होऊन बाहेर पडलो. पण तेव्हापासून मला मीटिंगमध्ये हसणाऱ्यांची भीती उरली नाही. जो सगळ्यात मोठ्यानं हसतो त्याला मी आता गाव विचारते.

धोक्याच्या सूचना

एक. कधी उघड व्हायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील १९४२ नंतर चार वर्षं भूमिगत होते आणि इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. त्यांना कुणी भित्रं म्हणेल का? हातात खरं काही सांभाळायचं असलं की लपणं हीही हिंमत असते. जातीबाहेर जमलेलं लग्न, न जमणारं लग्न, आपल्यासारख्याच कुणावर जडलेला जीव, असं काही सांगितल्यावर घराचं दार बंद होणार असेल किंवा अंगावर हात पडणार असेल, तर आधी निवाऱ्याची सोय बघावी, मग बोलावं. अशा माणसाला ‘खरं बोलायला घाबरतोस?’ विचारणाऱ्यानं आधी आपल्या घरात त्याच्यासाठी अंथरूण घालावं.

पण नानांचीच दुसरी बाजूही पाहा. माणूस लपला, भाषा लपली नाही. हजारोंच्या सभेत ते गावच्या रांगड्या बोलीत बोलत, आणि ती बोली ऐकायला लोक मैलोन् मैल चालत येत.

दोन. प्रमाणाबाहेर घेऊ नये. खरेपणाचा डोस जास्त झाला की माणूस ‘मी स्पष्टवक्ता आहे’ म्हणत सुटतो आणि दुसऱ्यांच्या वजनावर, पगारावर, सुनेच्या स्वयंपाकावर बोलू लागतो. हे स्वतःला दाखवणं नव्हे, दुसऱ्याला उघडं पाडणं आहे. पुस्तिकेची हमी तिथं संपते.

तीन. नकली मालापासून सावध. हायवेवर ‘अस्सल गावरान’ पाटीखाली भिंतीला बैलगाडीचं चाक टांगलेलं असतं. तसंच काही जण खंबाटकीच्या पलीकडं जाऊन चारपट गावठी बोलतात, कारण तिकडं त्याला भाव आहे. घरी आईनं ‘असं का बोलाय लागलाईस?’ विचारलं की समजावं, मालात भेसळ आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आमची बोली व्यवहाराला कमी पडते, त्याचं काय?*
माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आलं. दीड दिवस शाळेत गेलेल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ लिहिली. बोली त्यांना कमी पडली नाही. मौज अशी की छापलेल्या ‘हाय’ला आपण अस्सल म्हणतो आणि बोललेल्या ‘हाय’ला गावंढळ. दोन्हींमध्ये फक्त बाइंडिंगचा फरक आहे.

*मग प्रमाण भाषा सोडून द्यायची का?*
कशाला? ही पुस्तिका तिच्यातच लिहिली आहे. चांगली साडी कपाटात असावी, प्रसंगी नेसावी. ती नेसून झोपू नये.

*लोक हसले तर?*
हसतील. मोजून घ्या. पहिल्या दिवशी आठ हसतात, दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी त्यातला एक लिफ्टमध्ये भेटतो.

*किती दिवसांत गुण येतो?*
मला बारा वर्षं लागली. तुम्ही भडंगापासून सुरुवात केलीत तर लवकर येईल.

शेवटची कृती

पुणे-सातारा रस्त्यावर इतकी वर्षं एक गंमत चालत आलीय. पुण्याकडं जाणाऱ्या गाड्या खंबाटकीच्या बोगद्यातून जातात. परतणाऱ्यांना मात्र घाट चढून यावं लागतं. आपल्यापासून लांब जायला सरळ, अंधारा, चटकन संपणारा रस्ता. परत यायला वळणं, चढ, पुढं रखडणारा ट्रक आणि मागून हॉर्न. नवे बोगदे झाले तरी माणसांचा परतीचा रस्ता घाटातूनच राहील असं मला वाटतं. घाटात एक सोय मात्र असते. गाडी हळू चालते, खिडकीतून गार वारा येतो, मोबाइलला रेंज असते, आणि गाडी भरलेली असते.

म्हणून शेवटची कृती तिथंच करावी. मी गेल्या शनिवारी केली. तिसऱ्या वळणावर आईचा फोन आला. शेजारी एक कॉलेजातली पोरगी, पुढं दोन सूटकेसवाले, मागं अख्खी गाडी. जिना नव्हताच. तोंडावर हात न धरता बोलले, नेहमीच्या आवाजात. आईनं विचारलं, कुठवर आलीस, जेवलीस का, घाट लागला का.

फोन ठेवला तेव्हा शेजारची पोरगी कानातला इयरफोन काढून माझ्याकडं बघत होती. मी वाट पाहिली.

“काकी, सांगली का?” ती म्हणाली.

“तासगाव,” मी म्हटलं. “तू?”

“विटा. मला वाटलं, तुम्ही पुण्याच्याच हाय.”

पुस्तिका इथं संपते. पुढचं सरावावर आहे. निरोप घेताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, असं आपल्याकडं शिकवतात. आमच्या गल्लीत बायका काय म्हणतात ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

बराय मग. येतो.